गणपती दारात, आई वारणानगरात

नागरिकशास्त्राचा तास म्हणजे पोरांच्या दृष्टीनं डबा खाल्ल्यावरची पेंग. तरी सत्तेच्या विभागणीचा धडा मी जीव तोडून शिकवते. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे आणि चुकलं की कान धरणारं न्यायालय वेगळं. सगळी सत्ता एका हातात गेली तर सामान्य माणसाचं काही खरं नसतं, म्हणून घटनेनं ही वाटणी केली. फळ्यावर मी तीन चौकोन काढते. आमच्या पेठेतल्या तालमीसाठी चौथा चौकोन काढायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.

तालीम म्हणजे आमच्याकडे कुस्ती कमी आणि मंडळ जास्त. लग्न असो, मयत असो, महापूर असो, तालमीची पोरं पहिली दारात. वर्गणी मीही देते. गणपती त्यांचाच, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतली डॉल्बीची भिंतही त्यांचीच.

आईच्या हृदयाचं दुखणं निघालं त्या वर्षी डॉक्टरांनी बजावलं होतं, दगदग नको, मोठा आवाज तर अजिबात नको. आमचं घर नेमकं चौकाच्या तोंडावर. विसर्जनाच्या दिवशी सकाळीच स्पीकर रचलेला ट्रॅक्टर खिडकीखाली येऊन उभा राहिला आणि चाचणी सुरू झाली. मांडणीतली भांडी थडथडायला लागली. आई छातीवर हात ठेवून पलंगाच्या कडेला बसली. तिचे पांढरे पडलेले ओठ बघून माझं डोकं फिरलं. मी पोलिसांना फोन लावला. एकविसाव्या कलमात जगण्याचा अधिकार आहे, नकोशा आवाजापासून सुटका हा त्याचाच भाग आहे असं न्यायालयानं सांगितलंय, हे सगळं मी फोनवरच्या माणसाला ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मंडळ कुठलं?"

फौजदार आले. सोबतच्या हवालदाराकडे आवाज मोजायचं यंत्र होतं. यंत्र वर धरलं की आवाज खाली, यंत्र खाली आलं की आवाज वर, असा खेळ थोडा वेळ रंगला. मग फौजदार घाम पुसत माझ्याजवळ आले. "नोंद घेतलीया मॅडम. गुन्हा दाखल हुईल, खटला कोर्टात जाईल. पर आत्ता बंद केला तर पेठ रस्त्यावर बसंल. तेवढी माणसं मी कुठनं आणू?" ते खोटं बोलत नव्हते. नियम सरकारनं केलेला, निकाल न्यायालयानं दिलेला, अंमल पोलिसांनी करायचा. वाटणी अगदी पुस्तकात आहे तशीच झाली होती, फक्त आईच्या वाट्याला काही आलं नव्हतं.

फौजदार गेले न गेले तोच तालमीचा अध्यक्ष दारात. माझाच जुना विद्यार्थी. मी पदर खोचून तयार. पण तो चप्पल बाहेर काढून सरळ आईच्या पायाशी उकिडवा बसला.

"बाई, पोलिसांस्नी कशाला? आमाला सांगायचं की! आज्जी आमची न्हाय व्हय?"

मला हायसं वाटलं. वाटलं, करतोय आता आवाज कमी. तो मागं वळून पोरांना म्हणाला, "खुर्ची आणा रं."

चार पोरांनी आईला खुर्चीसकट उचललं आणि गर्दीतून वाट काढत गाडीपर्यंत नेलं. वारणानगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत त्याची मावशी राहते, आईनं आजच्या दिवस तिच्याकडे राहायचं असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. "तितं चिटपाखरू वरडत न्हाय बाई!" मी "अरे पण" म्हणत पिशवीत गोळ्या भरत होते. स्वतःच्या घरात शांतपणे बसायचा माझ्या आईला अधिकार आहे, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण जो माणूस तिचीच चप्पल हातात घेऊन पुढं चाललाय, त्याला ते कोणत्या तोंडानं ऐकवायचं? त्यानं शिवी दिली असती तर मी उभ्या पेठेशी भांडले असते. गाडीत बसल्यावर मला रागानं रडू आलं.

तेव्हापासून दरवर्षी गाडी येते. गेल्या वर्षी मी इरेला पेटले आणि वकिलांना गाठलं. ते म्हणाले, दाद मागू, पण अर्ज आईंच्या नावानं हवा. आईनं मला वेड्यात काढलं.

"तळहाताच्या फोडागत जपलं मला त्या पोरांनी. त्यांस्नी कोर्टात वडू व्हय? उद्या मला खांदा कोण देणार, तुजं ते कलम?"

मी वकिलांना नको म्हणून कळवलं.

तिला एकच गोष्ट सलते. मिरवणूक निघाली की गणपती आमच्या दारात थांबायचा. आई त्याला ओवाळायची, हातावर दही घालायची, लवकर ये म्हणून सांगायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं हे कधी चुकवलं नव्हतं. आता तो मान दाराच्या कुलपाला. सवयीनं ती आदल्या दिवशी विरजण लावते आणि मग तिला आठवतं. यंदा तिनं ते दही डब्यात घालून वारणानगरला सोबत आणलं.

दिवेलागणीला मावशींच्या ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात अध्यक्षाचा व्हिडिओ कॉल आला. "आज्जी, तुमच्या दारात थांबीवलाय बघा!" तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता. मोबाईलमध्ये आमचं दार, दाराचं कुलूप आणि समोर गणपती. आईनं डोक्यावर पदर घेतला. डब्यातलं दही बोटावर घेऊन ती काचेवर, गणपतीच्या हाताला लावायला गेली, आणि त्याच वेळी पलीकडे गाणं सुरू झालं. मोबाईल फुटतोय की काय असं वाटलं. आईनं दचकून हात मागं घेतला आणि छातीवर धरला. लुगड्याला दही लागलं.

"आवाज बारीक कर की गं," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. इतक्या वर्षांत तेवढाच आवाज मला कमी करता आला.