मऊ भाकरी आणि ऑडिटचा पेपर

सीएच्या परीक्षेत ऑडिटच्या पेपरात मी दोनदा आपटले. बाकीचे विषय निघायचे, हा एकटा सगळा ग्रुप घेऊन बुडायचा, म्हणजे सगळे पेपर पुन्हा द्यायचे. दुसऱ्या निकालानंतर आई एवढंच म्हणाली, "अजून एकडाव बस. न्हाय झालं तर माझ्यासंगं परातीपाशी ये." आमचा कडक भाकरीचा धंदा आहे. आई ज्वारीच्या पातळ भाकरी थापते, भाजते, मंद आचेवर वाळवून कडक करते आणि शेंगाचटणीसोबत त्यांची पाकिटं भवानी पेठेतल्या दुकानांत जातात. धंदा काही वाईट नव्हता. पण मला सीए व्हायचं होतं, आणि तेवढ्या एका पेपरापायी ते हातातून निसटत होतं.

मग मी शुक्रवार पेठेत एका मॅडमकडे जायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या उत्तरावर आडवी काट मारली. प्रश्नात एका टॉवेल कारखान्याची माल उतरवून घेण्याची पद्धत दिली होती आणि तिच्यासाठी 'टेस्ट ऑफ कंट्रोल्स', म्हणजे त्या पद्धतीच्या चाचण्या, लिहायच्या होत्या. मी लिहिलं होतं, आलेला माल ऑर्डरशी ताडून पाहावा. मी मुळातच तापट. तिथल्या तिथे विचारलं, "यात चुकलं काय?"

"हे गोडाऊनवाल्याचं काम झालं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तो ते खरंच करतो का, हे तुला कसं कळणार ते लिही."

"मग 'तपासेन' असं लिहिते."

"तपासेन म्हणजे काय करशील? उभी कुठे राहशील? हातात काय घेशील? आणि त्याने काम केलं नसेल, तर तुला काय दिसेल?"

पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी मॅडम उत्तर आधी मराठीत सांगायला लावायच्या, कारण इंग्रजीत पोकळ वाक्यसुद्धा भारदस्त दिसतं म्हणे. घरी येताना मी चरफडत होते. इतकी वर्षं 'तपासावे', 'खात्री करावी' असं लिहून मी नुसती पानं भरली होती.

दुसऱ्या दिवशी आई पाकिटं भरायला बसली. वाळलेल्या भाकरींचा ढीग तिच्या डाव्या हाताला होता. एकेक भाकरी उचलायची, नखाने टिचकी मारायची, आवाज ऐकायचा आणि पाकिटात सरकवायची. मधे ओल राहिली तर भाकरी बद्द वाजते. तशी एक जरी आत गेली तरी सगळ्या पाकिटाला बुरशी धरते. मी हे जन्मापासून बघत आले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. टिचकी हे आईचं काम. ती टिचकी खरंच काम करते का, हे बघणं माझं.

मी अजून न वाळवलेली एक मऊ भाकरी घेतली आणि आईची पाठ वळल्यावर ढिगाच्या मधोमध सरकवली. आईचं फोनवर अक्कलकोटच्या मावशीशी कानडीत जोरदार बोलणं चाललं होतं. ती भाकरी आली. टिचकी पडली. बोलणं न थांबवता आईने ती बाजूला टाकली. फोन ठेवल्यावर मात्र माझ्याकडे वळली.

"ही तू ठिवलीस व्हय?"

"हो."

"माझ्यावर इस्वास न्हाय व्हय तुझा?"

तिचा चेहरा उतरला होता. मी घाईघाईने सगळं सांगितलं, कारखाना, गोडाऊन, मॅडमची काट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यात लिव्हायला काय अवघड हाय?" पण दुपारपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही.

मॅडमना हे सांगितलं तर त्या खूष झाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "निवांत वेळी झालं. गर्दीत?"

गर्दीचा दिवस यायला फार वेळ लागला नाही. एका लग्नाची मोठी ऑर्डर होती. दारात रिक्षा उभी, रिक्षावाला सारखा हॉर्न वाजवतोय, वर फोनवर फोन. मीच ओरडले, "आई, भर की आता पटापट!" तिने मान वर केली नाही. प्रत्येक भाकरीला टिचकी पडत होती, त्या निवांत दिवसासारखीच, न चुकता. तिची कोणी परीक्षा घेत नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. आपण जे खातो, जी औषधं घेतो, ज्या पुलांवरून जातो, त्या सगळ्यामागे कुठे ना कुठे असा एक हात असणार, आणि तो घाईतही टिचकी मारायचं सोडत नसणार. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. मी ज्या विषयाला शिव्या घालत होते तो इतका मोठा होता!

परीक्षेत तसाच कारखान्याचा प्रश्न आला. मी लिहिलं, माल उतरवताना मी स्वतः तिथे उभी राहीन आणि ऑर्डर नसलेला माल आला तर तो परत पाठवला जातो का ते बघेन. वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांच्या, आणि खास करून गर्दीच्या दिवसांच्या पावत्या काढून प्रत्येकीला ऑर्डर जोडलेली आहे का, ते पाहीन. हात भराभर चालला.

निकालाच्या दिवशी मात्र मोबाईल उघडायचा धीर होईना. आईने समोर कडक भाकरीचं ताट ठेवलं, "खा आधी." माझं सगळं लक्ष मोबाईलकडे. मी वरची भाकरी घेतली, मोडली. दुसरी उचलली, नखाने टिचकी मारली आणि ताटाबाहेर ठेवून दिली.

आई हसायला लागली. तेव्हा कुठे मी खाली बघितलं. ती भाकरी मऊ होती.

"मीच ठिवली हुती," ती म्हणाली. "आता उघड की निकाल. कशाला भ्यायचं?"

मी उघडला. ऑडिट निघालं होतं, सगळा ग्रुप निघाला होता. मी मोबाईल तसाच तिच्यापुढे धरला. तिने डोळ्यांना पदर लावला आणि ती मऊ भाकरी उचलून स्वतःच्या ताटात घेतली.