पुस्तकवाले, डोळेमिटे आणि मशीनमामा

माझ्या मामाच्या घरी आजवर कुणाला गरम जेवण मिळालेलं नाही. यात मामीचा काही दोष नाही. ती पातेलं शेगडीवरून उतरवते ते थेट टेबलावर आणते, झाकण काढते, वाफ वर येते, आणि मामा डोळे मिटतो. "हे प्रभो," असं तो म्हणाला की त्या वाफेचं काही खरं नसतं. अन्नाबद्दल आभार मानून झाले की तो शेजाऱ्यांकडे वळतो, शेजाऱ्यांवरून बँकेतल्या कारकुनाच्या गुडघ्याकडे आणि गुडघ्यावरून बेकरीवाल्याच्या मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीकडे. "प्रभो, तुला तर ठाऊकच आहे," असं म्हणून तो देवाला जे सांगतो, ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं. गावातल्या निम्म्या बातम्या मला मामाच्या प्रार्थनेतूनच कळल्या आहेत. माझी आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, त्याच्याकडे जेवायला जायचं असलं की घरून थोडं खाऊन निघते.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो. गावभर त्याला मशीनमामा म्हणतात, अगदी त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. त्याचं दुकान एका जिन्याखाली आहे. उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून गिऱ्हाईकही बसूनच बोलतं. भिंतीवर चामडी पट्टे टांगलेले, पत्र्याच्या डब्यांत बॉबिनी, आणि सगळ्यावर मशीनच्या तेलाचा वास. मशीन आलं की मामा आधी त्याला कान लावतो, हाताने चाक फिरवतो आणि डोळे मिटून ऐकतो. कुणी मशीनबरोबर आलेलं माहितीपुस्तक पुढे केलं तर ते अदबीने घेतो आणि कामाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवतो. अशी चार-पाच पुस्तकं तिथे आहेत, आणि टेबल अजिबात डगमगत नाही.

"पुस्तक वाचून मशीन चालत नाही," तो म्हणतो, "आणि प्रार्थना तर नाहीच नाही."

हे दुसरं वाक्य मामाचं एकट्याचं नव्हे, ते त्याच्या अख्ख्या चर्चचं होतं. आमच्या गावात मेथडिस्टांची दोन चर्च होती, एक चढावर आणि एक उतारावर, मध्ये जेमतेम एक गल्ली. दोघांचा मूळ पुरुष एक. दोन्हीकडे गीतं तीच, प्रभुभोजनाला द्राक्षाचा न आंबवलेला रस तोच, आणि वर्षाच्या पहिल्या रविवारी देवाला दिलेलं वचन नव्याने द्यायची उपासनाही तीच. पण आमची आजी, मामाची आई, लहान असताना वरच्या चर्चमध्ये वाद झाला. प्रार्थना पुस्तकातून वाचायची की डोळे मिटून मनातून करायची? मनातून म्हणणारी घरं तावातावाने उठली, उतारावर आली आणि त्यांनी आपलं वेगळं चर्च बांधलं. येताना प्रार्थनेचं एकही पुस्तक कुणी बरोबर आणलं नाही, हे आमच्याकडे फार अभिमानाने सांगितलं जाई. तेव्हापासून वरचे ते पुस्तकवाले आणि खालचे आम्ही डोळेमिटे. ही नावं एकमेकांनी एकमेकांना ठेवलेली, आणि दोन्ही बाजूंनी ती बिरुदासारखी मिरवलेली.

मामी पुस्तकवाल्यांच्या घरातली. ती पडदे शिवते. लग्नाआधी तिच्या मशीनचा दोरा तुटत होता म्हणून मामाला बोलावलं, आणि एरवी एका बैठकीत मशीन उघडून जोडणाऱ्या मामाला त्यातला दोष काही सापडेना. तो पुन्हा आला. परत आला. शेवटी तिच्या थोरल्या बहिणीनेच विचारलं, "मशीन दुरुस्त होणार आहे का, की आम्ही मुलगीच देऊन टाकू?" मुलगी दिली. लग्न वर झालं, संसार खाली. त्या दिवसानंतर मामी दर रविवारी मामाबरोबर उतारावरच्या चर्चमध्ये बसली आणि तिची ताई गल्लीपलीकडे चढावर. तीसेक वर्षं दोघी बहिणींच्या घंटा एकाच वेळी वाजत आल्या.

मामी डोळेमिट्यांत गेली खरी, पण तिने मोठ्याने प्रार्थना कधीच केली नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, "आमच्या घरातलं सगळं हेच बोलतात." मामाची प्रार्थना रंगात आली की मी लहानपणी एक डोळा किलकिला करून सगळ्यांकडे बघायचे. वर्षाच्या पहिल्या रविवारी मामीचे ओठ हलत असायचे. हा माणूस लवकर थांबू दे, असं ती देवाला विनवत असणार, अशी माझी खात्री होती. मीही मनातल्या मनात तिला साथ द्यायचे.

त्या रविवारची मामाची प्रार्थना मात्र वेगळी असे. तिच्यात ना गुडघे ना सोयरिकी. ती आजीची प्रार्थना. आजी लोकांच्या घरचे कपडे इस्त्री करायची, आणि मामा टेबलाखाली बसून खेळताना ती हे शब्द पुटपुटायची. "हे प्रभो, हे हात तुझे. वापरायचे तेव्हा वापर, ठेवायचे तेव्हा ठेव, पण तुझ्या घरातच ठेव." पुढे आणखी होतं, सगळं असंच साधं. मामा म्हणायचा, "ह्याला म्हणतात मनातून आलेलं. इस्त्री तापेपर्यंत माझ्या आईला सुचलं ते. पुस्तकवाल्यांनी शंभर पुस्तकं छापली तरी असं एक वाक्य निघायचं नाही." हे बोलताना तो डोळे पुसायचा. मीही पुसायचे, कारण आजी मला फार आवडायची.

मग दोन्ही चर्च एक व्हायची ठरली. एकाचं छप्पर गळत होतं आणि दुसऱ्याच्या बाकांवर माणसं नव्हती, त्यामुळे तत्त्वाचे मतभेद पूर्वीइतके मोठे राहिले नव्हते. चढावरची इमारत ठेवायची, उतारावरचे पाळकसाहेब ठेवायचे, आणि वर्षाच्या पहिल्या रविवारी पहिली एकत्र उपासना करायची. गीतांच्या तालमीला दोन्हीकडचे जमले तेव्हा कळलं की शब्द तेच असले तरी चाली वेगळ्या आहेत. कुणीच माघार घेईना. एकच गीत दोन चालींत एकदम म्हटलं गेलं, आणि डोळेमिटे आधी संपवून पुस्तकवाल्यांकडे विजयाने बघत बसले.

उपासनेचा क्रम ठरवायचं काम ताईंकडे आलं, म्हणजे मामीच्या थोरल्या बहिणीकडे. ताई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या असं म्हणतात, मला तसं कधी वाटलं नाही. त्यांनी जाहीर केलं, "सगळ्या प्रार्थना पुस्तकातून होतील. नाहीतर काही मंडळी आपल्याला संध्याकाळपर्यंत सोडायची नाहीत." काही मंडळी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग मी घरीच बसतो," तो म्हणाला. "मी हातात पुस्तक धरणार नाही. माझ्या आजोबांनी ते जिथे टाकलं, तिथेच जाऊन मी उचलू?"

मामी पडद्याला दुमड घालत होती. तिने मशीन थांबवलं. "अहो," ती म्हणाली, "इतकी वर्षं मी कधी काही मागितलंय?"

"नाही," मामा जरा सावध झाला.

"मला एकदा एका बाकावर बसायचंय. एका बाजूला ताई, एका बाजूला तुम्ही. तुम्ही आला नाहीत तर मी तिथे जाऊन करू काय? आणि तिथे गेले नाही, तर मग कधी जाऊ?"

तेलाची बुधली घेऊन मामा दुकानात गेला आणि एका धडधाकट मशीनला तेल घालत बसला. मामी पुन्हा शिवायला लागली, पण टाके वेडेवाकडे पडत होते. मी बघितलं आणि मला मामाचा मनापासून राग आला. माणसाने हट्टी असावं, पण इतकंही नाही.

शेवटी पाळकसाहेबांनी तोड काढली. ते दुकानात आले, डोकं आपटून घेतलं, बसले आणि म्हणाले, "मामा, वचनाच्या प्रार्थनेच्या जरा आधी तुम्ही एक प्रार्थना करा. पुस्तकाशिवाय. पण लहान."

"आईची करतो," मामा म्हणाला. "पुस्तकवाल्यांनाही कळू दे, मनातून येतं ते कसं असतं."

रविवार उजाडला. चढावरचं चर्च भरलेलं होतं. पुस्तकवाले डाव्या बाजूला, डोळेमिटे उजव्या बाजूला, कुणी सांगितलं नसतानाही. मधल्या बाकावर ताई आणि मामी बसल्या होत्या आणि मामीच्या शेजारी मामाची जागा. मामा नव्या कोटात पुढे गेला. प्रत्येक पुस्तकवाल्याच्या हातातलं पुस्तक त्याने एकदा डोळे भरून बघितलं, कीव केल्यासारखं, आणि डोळे मिटले.

"हे प्रभो, हे हात तुझे," तो म्हणाला.

"वापरायचे तेव्हा वापर," डावी बाजू म्हणाली.

सगळी डावी बाजू, एका सुरात. वर्षानुवर्षं म्हणून तोंडात बसलेलं असतं तसं. कुणी पुस्तक उघडलंदेखील नव्हतं.

मामाने डोळे उघडले. प्रार्थना चालू असताना मामाने डोळे उघडलेले मी आयुष्यात पहिल्यांदा बघितले. त्याला आधी वाटलं, हे आपली नक्कल करताहेत. तो लाल झाला, त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण डावी बाजू गंभीर होती. डोकी खाली होती. मामा अचानक का थांबला, हे त्यांना कळत नव्हतं. उजवीकडचे डोळेमिटे डोळे उघडून एकमेकांकडे बघत होते. मामा उभाच होता, हात लोंबकळत, आणि आता हा कोट झटकून दारातून निघून जाणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मधल्या बाकावरून एक आवाज आला. बारीक, पण न अडखळणारा. "ठेवायचे तेव्हा ठेव," मामी म्हणाली, "पण तुझ्या घरातच ठेव."

तीस वर्षं जिचा आवाज चर्चमध्ये कुणी ऐकला नव्हता, ती मामी. मामाने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली, म्हणजे पुढे चला. मामा पुढे गेला. डावी बाजू त्याच्याबरोबर, मामी त्याच्याबरोबर, आणि हळूहळू उजवी बाजूही, कारण त्यांनाही ती दर वर्षी मामाकडून ऐकून पाठ होती. शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मला रडू आलं. आजीची आठवण आली म्हणून आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आमेन झालं. पाळकसाहेबांनी वचनाच्या प्रार्थनेचं पान काढलं, बघितलं, पुस्तक मिटलं आणि सरळ पुढचं गीत सांगितलं. मामा बाकावर येऊन बसला तेव्हा ताई मामीच्या मांडीवरून पुढे झुकल्या आणि खूश होऊन कुजबुजल्या, "शेवटी पुस्तकातली पाठ केलीत तर! मला वाटलं नव्हतं हो तुम्ही एवढं मनावर घ्याल."

"ती माझ्या आईची आहे," मामा म्हणाला.

"तुमच्या आईने ती इथेच बसून पाठ केली असेल," ताई म्हणाल्या. "लहानपणी इथेच तर यायच्या त्या." आणि गीत म्हणायला उभ्या राहिल्या, आपल्या चालीत.

म्हणजे आमची माणसं पुस्तकं टाकून उतारावर आली होती खरी. पण डोक्यात होतं ते कसं टाकणार? आजीला ते शब्द सुचले नव्हते, तिने ते जपले होते. मला ते जास्तच आवडलं. मामाला ते पचायला वेळ लागला. उपासना संपल्यावर आम्ही तिघं घरी निघालो. मामा अख्खा उतार आमच्यापुढे दोन पावलं चालला. गल्लीच्या तोंडाशी थांबला.

"तुला माहीत होतं?"

"हो," मामी म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी. दोन्हीकडे बसलेली मीच तर होते."

"आणि मी वर्षानुवर्षं पुस्तकवाल्यांना नावं ठेवत बसलो! अगं, एका शब्दाने सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही ती म्हणायची सोडून दिली असती," मामी म्हणाली. "मग मला तुमच्या चर्चमध्ये माझ्या घरचं ऐकायला काय उरलं असतं?"

मामाने तिच्या हातातली पिशवी घेतली.

घरी मामीने पातेलं टेबलावर आणलं, झाकण काढलं, वाफ वर आली. मामाने सवयीने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "आज तू कर," तो मामीला म्हणाला.

मामीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. माहेरच्या बाकापासून, ताईपासून, कुणाला कधी न सांगितलेल्या गोष्टींपासून. तीस वर्षांचं साठलेलं होतं. मध्येच मी एक डोळा उघडला, तर मामाही एक डोळा उघडून पातेल्याकडे बघत होता. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघांनी मुकाट्याने डोळे मिटले. जेवण गार झालं.