न विचारता धुतलेला फ्लास्क

सुनंदा, खानापूरच्या स्टँडवर बस सुटताना तू रडत होतीस आणि आपली आई खिडकीच्या गजांतून माझं बोट धरून सांगत होती, "काम असं कर की कुणी नाव ठेवायला नको." ह्यांना बंगळुरातल्या शिवाजीनगरात गॅरेजचं काम मिळालं म्हणून मी निघाले होते. आठवीत शाळा सुटलेल्या पोरीला आई दुसरं काय सांगणार.

इथं मलाही काम मिळालं, सरकारी तांत्रिक विद्यापीठात, केमिस्ट्रीच्या लॅबमधली काचेची भांडी धुवायचं. केवढं आवार म्हणून सांगू. गेटापासून आमच्या इमारतीपर्यंत चालतानाच दम लागतो. सिव्हिलची मुलं सिमेंटनं पांढरे झालेले बूट घालून कँटीनला येतात, कॉम्प्युटरवाली जेवतानाही लॅपटॉप मिटत नाहीत. तमिळ, बंगाली, आपल्याकडची, सगळी एका टेबलावर. मोठे सरसुद्धा रांगेत उभे राहून कॉफी घेतात. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपलं अडाणीपण कधी उघडं पडेल, ही धास्ती मला रोज असायची.

आणि पडलंच. दीपा म्हणून धारवाडची मुलगी इथं पीएचडी करते. तिच्या टेबलावर एक फ्लास्क तीन दिवस तसाच, तळाशी पांढरं काहीतरी चिकटलेलं. मला बघवेना. घासून लख्ख केला.

"अक्का, इथला फ्लास्क कुठाय?"

"धुतला की."

ती स्टुलावर बसलीच. ते पांढरं म्हणजे तिनं दोन महिने खपून तयार केलेले स्फटिक होते. आता काम गेलं म्हणून मी माझी पिशवी भरून ठेवली. तिच्या सरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, मी चिठ्ठी लावली नव्हती. चूक माझी." मग माझ्याकडे वळून, "पुन्हा करते मी. पण अक्का, यापुढं विचारल्याशिवाय माझा जेवणाचा डबासुद्धा धुवायचा नाही. कळलं ना? सरी?"

तिचे उपकार मी विसरायची नाही. तेव्हापासून प्रत्येक भांड्यामागे विचारते, धुऊ का?

गणपतीला गावी आले तेव्हा चुलीजवळच्या कढईत आमटी करपलेली दिसली. तोंडातून निघून गेलं, "आई, ही धुऊ का?"

आई बघतच राहिली. "पाहुणी का गं तू?"

तू हसलीस, मीही हसले. कढई मात्र आईनंच ओढून घेतली.

इथं सगळं आहे गं, पण आईनं कढई ओढून घेतली ते सारखं डोळ्यांपुढं येतं. जिथं न विचारता हात लागतो ते घर, एवढं मला कळतं. पुढच्या खेपेला आई उठायच्या आत चुलीपुढची सगळी भांडी घेऊन विहिरीवर जाईन म्हणते. जमलं पाहिजे.