बाबांसाठी रचलेली कारणं

नाटकातला बाप कोण, असं कुणी विचारलं की मी लगेच म्हणायचे, ‘छे हो, सगळं काल्पनिक!’ खोटं बोलताना माझा आवाज चढतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाविसाव्या वर्षी मला पुण्याच्या एका नाटकमंडळीचं बोलावणं आलं होतं. बाबांनी ते पत्र मला दाखवलंच नाही. कपाटात, विजेच्या बिलांखाली ठेवून दिलं. महिन्याभराने मला सापडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. मी आकांडतांडव केलं, दोन दिवस जेवले नाही, आणि मग मुकाट्याने बी.एड. केलं. त्या पत्राबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. तीस वर्षं! आणि गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळासाठी एकांकिका लिहायला बसले, तर मेलं तेच पत्र कागदावर उतरलं.

फक्त शेवटी मी बापाला अर्ध्या पानाचं भाषण दिलं. बायकोचं आजारपण, लोक काय म्हणतील, परक्या गावात मुलीचं कसं होईल. लिहिताना माझे डोळे भरून आले. आपण किती मोठ्या मनाच्या, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

प्रयोगाला बारा दिवस उरले आणि बापाचं काम करणारे काका चिकनगुनियाने आडवे झाले. दिग्दर्शकाने मला न विचारता थेट बाबांचं प्रतापनगरातलं घर गाठलं. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तरुणपणी कॉलनीच्या नाटकांत कामं करायचे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कलप लावायलाही तयार झाले. नाटकाची वही त्यांनी दोन चहांत वाचून काढली आणि म्हणाले, ‘अक्षर सुधार जरा.’ बस्स, एवढंच!

वाडीतल्या मंडळाच्या हॉलवर तालीम सुरू झाली. भाषणापाशी बाबा अडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले.

‘हे काढून टाक,’ ते मला म्हणाले.

‘का? चांगलं तर आहे.’

‘चांगलंच आहे. पण त्याच्याकडे एवढी कारणं नव्हती गं.’

‘अहो बाबा, पात्र आहे ते!’ माझा आवाज चढलाच.

‘असू दे. हा माणूस घाबरला होता. पोरगी गेली तर परत यायची नाही, म्हणून. तेवढंच लिही.’

मुलीचं काम करणारी कॉलेजची पोरगी आमच्या इथल्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाली, ‘पण काकी, एवढ्याशा वाक्यात लोकांना समजशे का?’

मी तणतणतच घरी आले. इतक्या वर्षांनी मी इतकी सुरेख माफी लिहिली आणि या माणसाने ती परत केली! पण भाषण खोडलं. त्यांनी सांगितलं तेवढंच ठेवलं.

प्रयोगाला मी वही घेऊन विंगेत उभी होते, प्रॉम्प्टिंगला. पोरीने विचारलं, ‘का लपवलंत पत्र?’ बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते विंगेकडे वळले.

‘तू गेली असतीस तर परत आली नसतीस. मला भीती वाटली.’

त्यांचं वाक्य इथे संपत होतं. पण बाबा तसेच उभे राहिले.

‘तू चांगली नटी झाली असतीस,’ ते म्हणाले.

हे वहीत नव्हतं. पोरगी गांगरली आणि पुढचं वाक्य मागत माझ्याकडे बघू लागली. वाक्य माझ्यासमोर होतं, पण मी वही मिटली.