कठड्याच्या बांबूंचं मचाण

दुपारपासून भावाचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

धाकटा भाऊ संजू मोटारसायकलवरून पडला, मणक्याला मार लागला. तेव्हापासून पाय हलत नाहीत. अंगणात दोन बांबूंचा कठडा बांधलाय, त्यात मी त्याला रोज उभं करते.

आज मुलचेऱ्याहून ऐंशीच्या पुढची आत्या आली. कठडा बघून थबकलीच. "माह्या बापासाठी असाच बांधला होता. मी लहान होती तवा."

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चारोळी काढताना आजोबा झाडावरून पडले, कमरेखालचं सगळं गेलं. गावकरी त्यांना काखेत धरून कठड्यात उभं करायचे. धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, तेव्हा आजोबाच म्हणाले, "हे बांबू काढा अन् धानाच्या बांधीत मचाण बांधा. पाय गेले, आवाज नाई गेला."

मग लोक त्यांना उचलून मचाणावर बसवायचे आणि ते ओरडून साऱ्यांच्या धानावरचे पोपट उडवायचे. काही वर्षांनी, पडून राहून पाठीला झालेल्या जखमा चिघळून ते वारले. पण गावानं त्यांना लुळा म्हटलं नाही, राखणदार म्हटलं.

आत्यानं संजूला विचारलं, "तुले काय पाह्यजे, बाबू?"

त्यानं आत्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "जो येते तो पायाकडे पाहूनच बोलते, आत्या. कोणीतरी माह्या तोंडाकडे पाहून बोला ना."

त्याला उभं करायला मी त्याच्या गुडघ्याला आधाराची पट्टी बांधत होते. माझी नजरही तिथेच होती.

तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, तर त्याच्या घरात शिरल्यावर तुम्ही आधी कुठे पाहता?