बुरुलचा एजेची तीन वर्षं, चार महिने

बुरुलचा एजेने, म्हणजे बुरुलचाताईने, किर्गिझस्तानच्या नागरिकत्वाचा अर्ज दिला तेव्हा तालुक्याच्या कचेरीत खिडकीतल्या बाईने तिला सांगितलं होतं, एक वर्ष लागेल. तीन वर्षं चार महिने लागले. त्यातली शेवटची दोन वर्षं मी जवळून पाहिली.

मी तिच्याकडे गेले ती वही आणि रेकॉर्डर घेऊन. साहित्याची पदवी नुकतीच हातात आली होती. बिश्केकमधल्या माझ्या प्राध्यापकांनी मला कोशोक गोळा करायला सांगितलं होतं. घरात माणूस गेलं की अंगणात युर्ता, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारतात. पुरुष बाहेर काठीवर रेलून रडतात, बायका आत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याशी गात बोलतात, ते कोशोक. आमच्या चुय खोऱ्यात ते येणाऱ्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं: त्या पामीरवालीकडे जा.

बुरुलचा ताजिकिस्तानातल्या पामीर पठारावरच्या मुर्गाबची. किर्गिझच, पण हद्दीपलीकडची. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याबरोबर, माम्बेतबरोबर, इकडे आली. तिकडे ताजिक लोक तिला किर्गिझ म्हणायचे. इथे आल्यावर किर्गिझ लोक ताजिकीण म्हणू लागले. आमच्या म्हाताऱ्यांना रडायला आता ताजिकीण बोलवावी लागते, असं लोक तिच्या तोंडावर म्हणत. तीही सोडायची नाही. तुम्ही रडायला शिका, म्हणजे मी घरी जाऊन धारा तरी काढीन, असं तिने एकदा मेलेल्याच्या सख्ख्या भावाला सुनावलं होतं. तो हसला, मग त्याला खरंच रडू आलं.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. हजेरीपत्रकावर नाव शेजारणीचं होतं, कारण बुरुलचाकडे दाखवायला कागद नव्हता. ज्या वर्षी पामीरहून आलेल्यांचे अर्ज एकगठ्ठा घेतले गेले, त्या वर्षी ती आईच्या आजारपणात मुर्गाबला होती. आई गेली. ती परत आली तोवर माम्बेतला आणि मुलांना पासपोर्ट मिळाले होते. तिला साध्या रांगेत उभं राहावं लागलं.

साध्या रांगेत आधी जुनं नागरिकत्व सोडावं लागतं. तिने ताजिक पासपोर्ट परत केला. त्या बदल्यात एक करड्या रंगाचा कागद मिळाला: ही व्यक्ती आता आमची नागरिक नाही. तो तिने अर्जाला जोडला. अर्ज तालुक्याहून जिल्ह्याला गेला, जिल्ह्याहून राजधानीला, तिथे एका समितीकडे. समितीने होकार दिला की राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमात नाव येणार होतं. हुकूम निघेपर्यंत ती कुणाचीच नव्हती. तिला हद्द ओलांडता येत नव्हती.

आणि हद्दीपलीकडे तिचे वडील होते.

मी तिच्या घरी जायला लागले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दर शुक्रवारी तिच्या भावाच्या, एसेनबायच्या, फोनवरून बोलायचे. फोनवर ते ओरडूनच बोलत, स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू येई. अर्जाला जुन्या देशातून गुन्हा नसल्याचा दाखला लागतो आणि तो तीनच महिने चालतो. अर्ज वाटेत असतानाच दाखल्याची मुदत दोनदा संपली. दोन्ही वेळा म्हातारा स्वतः ट्रकमधून तिकडच्या मोठ्या कचेरीच्या गावी, खोरोगला, गेला आणि नवा दाखला घेऊन आला. तिथल्या साहेबाने विचारलं म्हणे, तुमच्या मुलीने गुन्हा केला नाही कशावरून? म्हातारा म्हणाला, तिला लहानपणी मी मारत होतो ना, म्हणून.

एकदा ती फोनवर रडली. मला सोडून द्यायचाय हा अर्ज, म्हणाली, कशीतरी येते तुमच्याकडे. तेव्हा म्हातारा ओरडला नाही. मला पलीकडचं ऐकूच आलं नाही. फोन ठेवल्यावर तिने सांगितलं, "म्हणाले, कागद मिळाल्याशिवाय येऊ नकोस. मी थांबतो."

ती थांबली. दर सहा महिन्यांनी नवे फोटो द्यावे लागत. जुन्या फोटोंच्या उरलेल्या प्रती ती पिठाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवायची. त्या एका ओळीत मांडून एकदा तिने मला दाखवल्या आणि म्हणाली, बघ, समिती मला म्हातारी होईपर्यंत पारखतेय. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती तालुक्याला जायची. कधी कधी मीही जायचे. खिडकीतली बाई तिला ओळखायला लागली होती. ती वाईट नव्हती. तुमची फाईल वर गेलीय, एवढंच सांगायची. वर म्हणजे कुठे, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, ते मलाही कुणी सांगत नाही.

या सगळ्या काळात बुरुलचा गावोगावी रडत होती. मी तिची सतरा कोशोक उतरवून घेतली. ज्या म्हाताऱ्याला तिने जन्मात पाहिलं नाही, त्याच्या सुनेला ती आधी चार प्रश्न विचारायची. घोडा कोणत्या रंगाचा होता, चहात मीठ किती घ्यायचा, कुणाशी भांडण होतं. मग भिंतीकडे वळायची. मला वाटायचं, ही तालीम करते आहे. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

जानेवारीत, अर्जाला दोन वर्षं दहा महिने झाले असताना, सकाळी सात वाजता एसेनबायचा फोन आला. मी त्या आठवड्यात तिच्याकडेच मुक्कामाला होते. तिने फोन ऐकला, ठेवला, कोट घातला आणि बसथांब्याकडे चालू लागली. मी मागून धावले.

त्या दिवशी मंगळवार नव्हता. खिडकीतल्या बाईला ते लगेच कळलं असावं. बुरुलचाने तो करडा कागद पुढे केला आणि सांगितलं, वडील गेले, पुरायला दोन दिवस आहेत, जाऊन येते.

बाईने कागद उलटसुलट करून पाहिला. "हद्दीवर काय दाखवाल?"

"हाच."

"यात तुम्ही कोण नाही ते लिहिलंय, बाई. तुम्ही कोण ते त्यांना लागेल."

बुरुलचाने वाद घातला नाही. कागदाची घडी घातली. बाईने खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या मनगटावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एसेनबायने युर्त्यातून फोन लावला. तिकडे बायका जमल्या होत्या. फोन कपड्यांच्या पेटीवर ठेवला होता, मोठा आवाज लावून. इकडे माम्बेत अंगणात काठीवर रेलून उभा होता. जे तिला ताजिकीण म्हणायचे तेही त्याच्या शेजारी रांगेने उभे होते. आत फक्त ती आणि मी. तिने काळा रुमाल बांधला, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड केलं, पाठ दाराकडे. फोन मी धरला होता, तिच्या खांद्यामागे, तोंडाजवळ. रेकॉर्डर पिशवीत राहिला. माझे दोन्ही हात फोनला होते.

पलीकडून बायकांचा हुंकार येत होता. तिने सुरुवात केली.

तिसऱ्या ओळीला हुंकार थांबला. मी पडद्याकडे पाहिलं. कॉल तुटला होता.

मी काहीच केलं नाही. परत फोन लावायचा तर तिला थांबवावं लागणार होतं. तिच्या खांद्याला हात लावून सांगावं लागणार होतं, एजे, थांब, ऐकू जात नाही. मी हात लावला नाही. बंद फोन तिच्या तोंडाजवळ धरून उभी राहिले. ती बहुतेक पंधरा मिनिटं गात होती. वडिलांचे याक, वडिलांचा खोकला, खोरोगच्या दोन खेपा, सगळं त्यात आलं. ते मी सतरा वेळा ऐकलं होतं तसं नव्हतं. मी पाच वर्षं कवितेचा अभ्यास केला. ते काय होतं ते मला आजही सांगता येत नाही.

शेवटी तिने चेहरा पुसला आणि न वळता विचारलं, "पोचलं?"

मी म्हणाले, "हो."

एसेनबायने संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून निरोप दिला की सगळं नीट पार पडलं. तुटलेल्या कॉलबद्दल तो काही बोलला नाही. मी सुटले.

हुकूम जुलैत निघाला. यादीत तिचा नंबर एकसष्टावा होता. खिडकीतल्या बाईने स्वतः फोन करून बोलावलं, पासपोर्ट हातात देताना खुर्चीतून उठून उभी राहिली आणि म्हणाली, अभिनंदन, नागरिक. बुरुलचा म्हणाली, उशीर झाला, पोरी. एवढंच. शपथ तिने घडाघडा म्हटली. शाळेच्या स्वयंपाकघरात राहून राष्ट्रगीतही तिला कधीचं पाठ होतं.

मुर्गाबला बर्फ लवकर येतो, म्हणून वडिलांचं वर्षाचं जेवण ऑगस्टमध्येच ठेवलं होतं. ती ओश शहरावरून गाडीने गेली. बारा दिवसांनी परत आली. मी भेटायला गेले तेव्हा ती ओट्याशी कांदा चिरत होती. मला चहा ओतून दिला. रस्ता, हद्दीवरचा शिक्का, भावाची नवी सून, सगळं सांगितलं. मग कांद्याकडे बघतच म्हणाली, "तिसऱ्या ओळीला फोन गेला होता म्हणे."

मी कप खाली ठेवला.

"तुला माहीत होतं."

"हो, एजे."

ती चिरत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने सांगितलं. गाडीतून उतरली तेव्हा सगळ्या बायका युर्त्यात वाट बघत होत्या. बुरुलचा येणार, आता खरं कोशोक ऐकायला मिळणार. ती आत गेली, भिंतीकडे तोंड करून बसली. आणि काही आलं नाही. एक शब्दही नाही. नुसतं रडली, लहान पोरीसारखी, शेंबूड येईपर्यंत. एक चुलती मागून म्हणाली, नवा पासपोर्ट मिळाल्यावर बाई रडायलाही विसरली.

"शब्द होते ना माझ्याकडे," ती म्हणाली. "ते जानेवारीतच होते."

मग सुरी थांबवून तिने विचारलं, "तुझ्याकडे आहे ते? त्या यंत्रात?"

मी नाही म्हणाले. हात मोकळे नव्हते, म्हणाले. माझ्या सतरा कोशोकांच्या वह्या पिशवीत होत्या. तिचं स्वतःचं त्यात नव्हतं.

"काही आठवतं?"

मला चारच ओळी आठवत होत्या. त्या गाता येणं शक्य नव्हतं. मी नुसत्या म्हटल्या.

एक दार मी लावून आले,
दुसरं कुणी उघडेना, बाबा.
तुझ्या अंगणात धूळ उडाली,
ती माझ्या डोळ्यांत जाईना, बाबा.

ती ऐकत होती. दुसऱ्या कुणाचं ऐकावं तसं.

"हे मी म्हटलं?"

"हो."

"लिहून दे. एसेनबायला पाठवते." मी वहीचं पान फाडलं आणि लिहू लागले. तिसऱ्या ओळीला तिने मला थांबवलं. धूळ नसेल, म्हणाली. जानेवारीत तिकडे धूळ कुठली? गुडघाभर बर्फ असतो. बर्फ लिही.

"तू धूळच म्हणाली होतीस, एजे. मला नक्की आठवतं."

तिने चिरलेला कांदा पातेल्यात लोटला.

"मग धूळच राहू दे," ती म्हणाली. "मला इथून कुठे दिसत होतं."