रुमालाखालचा हात

अकोल्याचा तो घराचा सौदा आठवला की मला अजून हसू फुटतं. विलायतेत कापसाची टंचाई पडली होती आणि वऱ्हाडात पैसा खेळत होता. बाजारपेठेजवळच्या घरांना भलतीच मागणी आली होती. मी तेव्हा ठाण्यात जमादार होतो.

एका सकाळी अमरावतीहून नवाच आलेला एक कापूस-दलाल फिर्याद घेऊन आला. आरोपी कोण, तर पेठेतले म्हातारे रंगारी चाचा.

"चाचानं काल बाजारात मले घर दिलं, रुमालाखाली सौदा पक्का केला. आता तेच घर एका कुणब्याले देऊन राहिला," दलाल म्हणाला.

सोबत दोन साक्षीदार होते. कापसाच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवत. त्यामुळे साक्षीदारांनी पाहिला तो फक्त रुमाल. मोठी सोयीची साक्ष.

तो कुणबी ओट्यावर मान खाली घालून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा शहरात स्वतःचं घर होणार होतं, बायकोनं चूल मांडायची जागाही ठरवली होती. चाचा घर विकून पातूरला लेकीकडे राहायला निघाले होते, आणि जाता जाता लबाडीचा डाग लागत होता.

पानवाल्यानं खबर दिली की साक्षीदारांना दलालानं पोटभर जेवू घातलंय. मला संशय आला, पण तेवढ्यानं फिर्याद खोटी ठरत नाही.

चाचांना पाणी दिलं. त्यांनी ते डाव्या हातानं घेतलं, उजवा शालीतच. एवढा अदबीचा माणूस, आणि डावा हात? मी ते ध्यानात ठेवलं.

"सौदा कसा झाला, नीट सांग," मी दलालाला म्हणालो.

"चाचाच्या उजव्या हाताची चार बोटं धरली, मंग अंगठा दाबला. त्यानं मान हलवली."

"बरं. तसंच करून दाखव."

मी दोघांमध्ये माझा रुमाल धरला. चाचा जरा घुटमळले, मग त्यांनी शालीतला हात रुमालाखाली सरकवला. दलालाचा हात आत गेला, चाचपडला आणि थांबला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"काहून रे, बोटं भेटून नाही राहिले काय?" मी विचारलं.

मी रुमाल ओढला. त्या हाताला नुसता अंगठा होता. बोटं लहानपणीच तेलाच्या घाण्यात गेली होती. सारं ठाणं हसलं आणि साक्षीदार दाराकडे पाहू लागले.

"चाचा, आधी काहून नाही सांगितलं?"

"शरम वाटते, साहेब. जिंदगीभर झाकूनच ठेवला."

खोटी फिर्याद केली म्हणून दलालालाच आत बसवलं. गड्यानं धंद्याच्या सवयीनं खोटं रचलं आणि ज्याच्यावर रचलं त्याला नीट पाहिलंच नाही. पुढे नोकरीभर मी माणसाची कैफियत ऐकण्याआधी माणूस न्याहाळत गेलो.

कुणबी उठला. "चाचा, मी साऱ्यायसमोर बोलतो," म्हणाला, आणि त्यानं आपली किंमत मोठ्यानं सांगितली.

चाचांनी सवयीनं डावा हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि सर्वांदेखत उजवा दिला. कुणब्यानं तो दोन्ही हातांत धरला.

"घर तुझं, बेटा," चाचा म्हणाले. शाल खांद्यावरून खाली पडली होती, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही.